रिकाम्या पाळण्याचे झोके

साल दोन हजार बारा. पनवेलच्या एसटी स्टँडमागे आमची लॅब. मी विनिता, तिथली टेक्निशियन. भुताखेतांवर नाही, मशीनवर विश्वास ठेवणारी बाई.

उरणकडच्या गुणाबाई दर मंगळवारी सून समृद्धीला तपासणीला आणायच्या, आणि माझ्यासाठी पिशवीभर मांदेली मासळी. समृद्धीला द्राक्षगर्भ झाला होता. त्यात बाळ नसतंच, वारेच्या बिघडलेल्या पेशींची गाठ वाढते; पण ती गरोदरपणाचं हार्मोन इतकं सोडते की पट्टीवर दोन रेघा हमखास. त्या रेघा बघून गुणाबाईंनी घाईघाईनं पाळणा टांगला होता. गाठ काढली, पाळणा तसाच राहिला. आता रक्तातलं हार्मोन शून्यावर यायला हवं होतं, नाहीतर पोरीला केमो.

"बाय, आज तीनशे बारा हाय," सुई टोचायच्या आधीच गुणाबाई म्हणाल्या.

"मावशी, माझ्या पोटावर पाय देता का?" मी हसले.

तासाभरानं मशीननं छापलं, ३१२.

"अगं बाई! कुणी सांगितलं तुम्हाला?"

"रिकामा पालना हलवू नये म्हनतात. आमी नाय हलवत. सांजेला आपला आपन हलतो. मी झोके मोजते."

"खाडीचा वारा असेल हो!"

"असल," त्या म्हणाल्या. समृद्धी खाली बघत बसली.

पुढच्या मंगळवारी चाळीस, मग नऊ. मी वडापावची पैज लावायचे आणि हरायचे.

मग एकदा गुणाबाई दारातूनच ओरडल्या, "काल नाय हलला!" मशीनलाही काही सापडलं नाही. पुढचे दोन्ही मंगळवार तसेच गेले. समृद्धी रडली, हसली, माझ्या गळ्यात पडली. मला तर नाचावंसं वाटलं! लॅबभर पेढे झाले. उतरवलेल्या पाळण्याचं चिमणाळं, रंगीत कापडी चिमण्यांचं, गुणाबाईंनी माझ्या हातात दिलं. "तुला आठवन." मी ते हौसेनं मशीनच्या वर टांगलं.

बुधवारी सकाळी नेहमीसारखं नुसतं सलाईन घालून मशीन तपासलं. शून्य यायला हवं होतं. सहा आलं.

नळी बदलली. सहाच.

शुक्रवारी बारा. पोटातलं धडधाकट बाळ आकडा असाच दोन दिवसांत दुप्पट करतं, हे मला कुणी शिकवायला नको.

पंखा बंद होता. वरच्या चिमण्या झुलत होत्या.

मी मोजू लागले. बारा झाले, आणि त्या थांबल्या.