पंधरा मिनिटं पुढे

तिचं मनगटी घड्याळ डुबुक्कन समोरच्या अनोळखी माणसाच्या सूपमध्ये पडलं, तेव्हा सव्वा वाजला होता. म्हणजे तिच्या घड्याळात दीड.

त्या खानावळीत एकट्या माणसाला वेगळं टेबल मिळत नसे. जागा दिसेल तिथे बसायचं, मग समोर कुणीही असो. मीठ घ्यायला तिने घाईने हात पुढे केला, पट्ट्याची पिन निसटली आणि व्हायचं ते झालं.

"अगं बाई! सॉरी हं… मी दुसरं मागवते तुमच्यासाठी."

"सूपचं जाऊ द्या हो," त्याने चमच्याने घड्याळ अलगद बाहेर काढलं. "आधी याला वाचवू."

खिशातून भिंग काढून त्याने डोळ्याला लावलं. ती बघतच राहिली. तो घड्याळजी होता, आणि त्याचं दुकान समोरच, जिन्याखालच्या चिंचोळ्या जागेत होतं.

"उघडून दिव्याखाली ठेवावं लागेल. तास-दीड तास."

"दीड तास? अहो, पाचला आमची बस सुटते! मनोरा बघायचाय, पाखरांचा बाजार, जुना पूल, शिवाय मावशीसाठी छत्री…"

मावशी तिला भिंगरी म्हणायची, ते उगाच नाही. सहा दिवसांत पाच शहरं झाली होती आणि एकाही ठिकाणी तिने ताट संपेपर्यंत बूड टेकलं नव्हतं. आज मावशीचे पाय सुजले, म्हणून ती बसमध्येच पहुडली होती. फोटो बघत बसते म्हणून फोनही तिच्याकडेच होता. आणि सहलीचा संचालक रोज सकाळी बजावायचा, बस कुणासाठी थांबणार नाही.

"घड्याळ सुकेपर्यंत मी दाखवतो शहर," घड्याळजी म्हणाला. "तसंही माझं जेवण बुडवलंत तुम्ही."

"बुडवलं नाही, घड्याळ बुडलं."

"तेच ते!"

तो हसला की डाव्या गालावर खळी पडत होती. हे आपण का बघतोय, असं तिने स्वतःलाच दटावलं.

मनोरा राहिलाच. त्याने तिला एका गल्लीत नेलं. तिथे एक म्हातारा भाजलेली कणसं विकत होता आणि त्याची बायको वरच्या खिडकीतून त्याच्यावर खेकसत होती. कणीस खाता खाता ती दर दोन मिनिटांनी रिकाम्या मनगटाकडे बघायची.

"नाही तिथे तो," तो म्हणाला.

"कोण?"

"वेळ. माझ्या दुकानात सुकतोय."

ती खळखळून हसली, आणि हसता हसता तिला बस आठवली. पाच वाजता हा माणूस मागे राहणार होता. परत कधी दिसणार? एरवी पुढच्या शहराची घाई व्हायची. आज तिला पुढे जायचंच नव्हतं.

तीनला त्याने नवी पिन घालून घड्याळ तिच्या मनगटावर बांधलं. पट्टा लावायला जरा जास्तच वेळ घेतला. तिनेही हात मागे घेतला नाही. मग दोघं जुन्या पुलावर गेली. खाली होड्यांची गर्दी, वर वारा… आणि बस उभी होती तो चौक इथून चालत पाच मिनिटांवर. पायाला नेहमीची भिंगरी असूनही ती कठड्याला टेकून राहिली.

"किती वाजले?" त्याने अखेर विचारलं. आवाज पडला होता.

तिने बघितलं. "पाच वाजून पाच. म्हणजे अजून दहा मिनिटं आहेत."

"म्हणजे? बस पाचची ना?"

"हो, पण माझं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे असतं. मुद्दाम ठेवते." ती पाण्याकडे बघू लागली. "बाबांच्या शेवटच्या वेळी मला दहा मिनिटं उशीर झाला होता… तेव्हापासून."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"मी… मी ते बरोबर लावलं हो. हातातून चुकीचं घड्याळ जातच नाही माझ्या. न विचारताच…"

दोघं धावत सुटली. चौक मोकळा होता. बस उभी होती तिथे तेलाचा डाग तेवढा राहिला होता.

त्याच्या फोनवरून तिने मावशीला गाठलं. "संचालकाशी भांडून घसा बसला माझा!" मावशी ओरडली. "सात वाजताची रेल्वे पकड, मी पुढच्या शहरात स्टेशनवर येते. आणि काय गं, तुला जन्मात कधी उशीर होत नाही. कोण आहे तो?"

तिने घाईघाईने फोन ठेवला. कान लाल झाले होते.

"माझ्यामुळे झालं," तो म्हणाला. "तुमच्या बाबांचं कळलं असतं, तर हात लावला नसता. पण खोटं नाही बोलत… बस गेलेली दिसली, तेव्हा मला आनंद झाला. मला तुम्ही आवडता. सूपमध्ये घड्याळ पडलं तेव्हापासून."

तिने त्याच्याकडे बघितलं. उशीर झाला होता, आणि यावेळी कुणी गेलं नव्हतं. समोर उभं होतं.

"द्या," त्याने हात पुढे केला. "पुन्हा पंधरा मिनिटं पुढे करून देतो."

तिने मनगट मागे घेतलं आणि दुसरा हात त्याच्या हातात दिला.

"नको. राहू दे बरोबर. मलाही आवडता तुम्ही… आणि तुमचा पत्ता लिहून द्या, मी परत येणारे. पण आधी चला, तुमचं सूप राहिलंय."

खानावळीत यावेळी ती समोर नाही, शेजारी बसली. दोन वाट्या सूप आलं. तिने शेवटच्या चमच्यापर्यंत संपवलं, आणि एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. ते काम तो करत होता, पावणेसातपर्यंत, जड मनाने.