न मोडलेला हात

“फुटलेल्या कुलपाकडं सगळेच बघतात. तू न फुटलेलं बघ.” नोकरीच्या सुरुवातीला जुन्या साहेबांनी सांगितलेलं हे फौजदार मानसिंगरावांना आठवलं, पण उशिरा. तोवर त्यांनी सोजरबाईंना अख्ख्या आळीतून चालवत चौकीवर आणलं होतं.

तक्रार सोजरबाईंची सून केरा हिच्या वडिलांची होती. सासूनं केराचा डावा हात मोडला. हरताळकेच्या संध्याकाळी आधी भांडण, मग किंकाळी. शेजारणींनी दोन्ही ऐकलं होतं. खटला उभा राहिला तर सोजरबाईंना तुरुंगच होता.

“कशावरून भांडलात?”

“पान्यावरनं. निर्जळी उपास, आन् ही माठामागं लपून पानी पीत हुती. लई बोलले मी.”

“आणि मारलंत.”

“न्हाय सायेब. कळशी उचलाय गेली, आन् हाड कट्टकन वाजलं.”

“भरलेली कळशी?”

“रिकामी की.”

मानसिंगराव हसले. त्या हसण्याची त्यांना पुढं फार लाज वाटली.

दवाखान्यात केरा भिंतीकडं तोंड करून पडली होती. जबड्यावर सूज, चापटीनं यावी तशी. पण वळ नव्हता, काळंनिळं नव्हतं. दंडावरही नव्हतं.

“ही सूज कधीची?” मानसिंगरावांनी विचारलं.

“संक्रांतीपासनं हाय.”

“आणि पाणी का प्यालीस, पोरी?”

ती रडू लागली. “ऱ्हावंना. रोजच असं हुतंय. रातभर उठून पिते, तेवढ्यांदा भायेर जाते. देवीचा उपासबी निभंना. हे आत्याबाईंना कुठल्या तोंडानं सांगू?”

तेव्हा त्यांना जुन्या साहेबांचं ते बोलणं आठवलं. मानसिंगराव डॉक्टर गोदावरीबाईंकडं गेले.

“उजव्या हाताचा एक्सरे काढता येईल?”

“तो धड आहे की.”

“म्हणूनच.”

बाईंनी एक्सरेची काच खिडकीशी धरली. धड हाताचं हाडही चाळणीसारखं झालं होतं.

हवालदारानं सोजरबाईंना चौकीवरून आणलं, आणि खाटेभोवती सासू आणि वडील उभे राहिले. मानसिंगराव म्हणाले, “मारामुळं असतं, तर मोडलेलाच हात बिघडला असता. इथं दोन्ही पोखरलेत. रिकाम्या कळशीनं हाड मोडलं, जबडा आतून फुगला, तहान भागेना. तिन्ही कामं एकाच चोराची.”

गोदावरीबाईंनी केराच्या गळ्यावर बोट टेकवलं. “तो इथं असावा. मसुराएवढ्या ग्रंथी असतात. एखादी माजली की हाडांतला चुना रक्तात ओढते. तो लघवीवाटे जाताना पाणीही नेतो. विलायतेत अशी ग्रंथी काढल्यावर हाडं भरून आलीत. मुंबईत करतील का, आजच विचारते.”

वडिलांनी मान खाली घातली.

सोजरबाई हळू म्हणाल्या, “हात न्हाय लावला सायेब, पर तोंड चालवलं. सून उपास मोडती, म्हून साऱ्या आळीला मीच सांगितलं. आता कुनाच्या दारात जाऊ?”

“मी जातो,” मानसिंगराव जमिनीकडं बघत म्हणाले. “तिचंही सांगतो, तुमचंही. घरोघर.”

हवालदाराला त्यांनी दवाखान्यातच थांबवलं. आळीच्या तोंडाशी पहिल्याच दारापुढं बायका डाळ निवडत बसल्या होत्या. मानसिंगरावांनी टोपी काढून काखेत धरली आणि त्यांच्याकडं चालू लागले.