तळ्याकाठची शेकोटी

नवेगाव बांधच्या तळ्यावर ऊन कलू लागलं होतं. सरपणाचा भारा डोक्यावर घेऊन धुरपता पाळीवरून, तळ्याच्या बांधावरून येत होती, आणि तिला धूर दिसला — मोहाच्या झाडाखालच्या वाळल्या पानांत, तिच्या बाबांच्या धानाच्या पुंजण्यापासून जेमतेम वीस पावलांवर. वर्षभराचं धान होतं ते, कापून रचलेलं.

भारा टाकून ती धावली. एक तरुण ओणवा होऊन जाळ फुंकत होता. तिनं ओंजळी भरभरून माती त्यावर ओतली.

"काय करून राहिले जी? वारा कोणीकडं वाहून राहिला, पाह्यलं का?"

तो दचकून उठला. कालव्याच्या मोजणीला गोंदियाहून आलेला हिरालाल... पापण्यांवर राख, कपाळावर काजळी. पुंजण्याकडं नजर जाताच त्याचा चेहरा उतरला.

"चुकलंच माझं. ठंडी लागून राहिली होती... तुम्ही शिकवा ना."

एवढ्या सरळ कबुलीपुढं तिचा राग टिकेना. काठावरच्या मोकळ्या जागेत तिनं पाचोळा झाडला, त्याच्याकडून खड्डा खणवला, भोवती दगड मांडले. बारीक काड्या आधी, जाड लाकूड मागून.

"आन पाण्याची घागर भरल्याबिगर पेटवाचं नाही."

"आणि तुम्ही आल्याबिगर?"

ती भारा उचलायला वळली. पण दुसऱ्या दिवशी तिकडूनच आली. तिसऱ्याही.

"रोज काऊन येता?" त्यानं विचारलं.

"तुमचा भरोसा नाही, म्हणून."

तो हसला की मान खाली घालायचा. ते बघायला मिळावं म्हणून ती मुद्दाम टोचून बोलू लागली.

आठव्या दिवशी मोजणी संपली. हिरालालनं निखाऱ्यांवर पाणी ओतलं, काठीनं राख ढवळली, पुन्हा ओतलं. दोघांनी तळवे टेकवून पाहिले. राख गार होती... तरी हात कोणी उचलेना.

"उद्या जाऊन राहिलो मी," तो म्हणाला. "धुरपता... आईला तुमच्या घरी पाठवू?"

"माघात केशोरी गावचे पाहुणे येऊन राहिले मले पाहाले."

"मग?"

"मंग काय... त्याच्या आधी पाठवा."

पुढच्याच बुधवारी दारात बैलगाडी थांबली. आईच्या आधी हिरालालच उतरला. धुरपता पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

"याले ओळखते का तू?" बाबांनी विचारलं.

"हो. मीच बोलावलं."

बाबा तिच्याकडं बघत राहिले. मग मिशीत हसले, आणि पाहुण्यांचे बैल सोडायला स्वतःच उठले.