अगस्तीने पाणी प्यायले कुठे?

घाट चढताना इंजिनाच्या बाष्पकात (पाणी तापवून वाफ करणाऱ्या बंद पात्रात) असलेले पाणी घाट उतरताना चार बोटे कमी कसे होते? सन २०७१. मांडवखोरे प्रादेशिक रेल्वेने उसाच्या चिपाडांवर चालणारी बारा प्रचंड वाफेची इंजिने बांधली होती, आणि त्यांतले घाटात धावू लागलेले हे पहिलेच होते. चढावरच्या वडजाई स्थानकाला पाण्याची एक नोंद, उतारावरच्या खैरपाड्याला दुसरी, ही तिथली जुनी शिस्त. तूट आली की दोष चालकाचा.

चालक होती शलाकाची आई, विभा. आजही तूट आली तर तिला या इंजिनावरून उतरवायचे ठरले होते, आणि मुख्य निरीक्षक गोडांबे स्वतः सोबत निघाले होते.

अकरा वर्षांच्या शलाकाचा संशय भट्टी सांभाळणाऱ्या यंत्रमानवावर होता. त्याचे नाव अगस्ती. समुद्र पिणाऱ्याला एवढे पाणी म्हणजे आचमन, असे आगारातले लोक म्हणत आणि हसत. शलाका हसत नसे. आईची परवानगी काढून ती आज कोपऱ्यातल्या बाकावर बसली, ती त्याच्या हातांवर डोळा ठेवायलाच.

वडजाईला जलदर्शक नळी (पाण्याची पातळी दाखवणारी काच) जवळजवळ भरलेली होती. गोडांब्यांनी नोंद केली. घाटमाथा जवळ आला तसे अगस्तीने हळूच एक चाक फिरवले आणि पुन्हा बंद केले. शलाकाने ते पाहिले. खैरपाड्याला पातळी चार बोटे खाली होती.

"विभाताई, आता मला काही बोलायला जागा उरली नाही," गोडांबे म्हणाले.

"यानेच चाक फिरवलं, मी पाहिलंय," शलाका उठून म्हणाली. "पाणी कुठे टाकलंस रे?"

"टाकले नाही. भरले," अगस्ती शांतपणे म्हणाला. "तुझी बाटली आडवी धर. आता तळ खाली कर."

अर्ध्या भरलेल्या बाटलीतले पाणी तळाकडे गोळा झाले. तोंड खाली करताच ते तोंडाकडे धावले. पाणी तेवढेच होते. कलली होती ती बाटली. बाष्पकही असाच आडवा, आणि नळी त्याच्या मागच्या टोकाला. चढावर मागचे टोक खाली, म्हणून नळी भरलेली दिसे. उतारावर तेच टोक वर, म्हणून रिकामी. जुनी इंजिने आखूड होती, त्यांच्यात हा फरक जेमतेम बोटभर पडे. भट्टीही मागेच. उतारावर तिचे छत पाण्याबाहेर आले तर ते तापून फुटेल, म्हणून अगस्ती माथ्यापूर्वी थोडे जादा पाणी भरी.

"मग इतके दिवस गप्प का बसलास?" गोडांबे गुरकावले.

"मला पातळी विचारली जाई. कारण कोणी विचारले नाही."

शलाकाचे तेवढ्याने समाधान झाले नाही. बोलणे कोणालाही येते. तिने गाडी सपाट मार्गावर थांबवून मोजण्याचा हट्ट धरला. पायथ्याशी विभाने गाडी थांबवली. गोडांब्यांनी काचेला बोटे लावली आणि आगारातून निघतानाची, तीही सपाटीवरचीच, नोंद काढली. पाणी बोटभर जास्तच भरले.

त्यांनी खिशातला बदलीचा कागद चुरगाळून भट्टीत टाकला. उरलेली अकरा इंजिने घाटात उतरतील तेव्हा नोंद सपाटीवरच घ्यायची, असे त्यांनी विभाला सांगितले आणि चालकांना शिकवण्याचे काम तिच्याकडे सोपवले.

शलाका मात्र काचेसमोर बसून होती. अगस्तीवरचा तिचा संशय फिटला होता. आता तो वाफेच्या दाबमापकावर जडला होता.

"हा तरी नेहमी खरं सांगतो का?" तिने विचारले.

अगस्तीने आपल्या शेजारी तिला जागा करून दिली.