लाल टाकी

सकाळच्या धारा काढून झाल्या, तरी भागूअक्कांचे डोळे चुरचुरले नव्हते. सहाशे म्हशींच्या त्या सामाईक गोठ्यात मुताचा उग्र दर्प रोज डोळ्यांतून पाणी काढायचा. आज तो जवळजवळ नव्हताच.

गोठ्याची सगळी जबाबदारी अक्कांवर होती. त्या वास हुंगत उभ्या असतानाच यंत्रं सांभाळणारे रघुनाथ धावत आले.

"अक्का, सांडपाण्याची टाकी लालभडक झालीय! आत काहीतरी सडलंय. मी हवेचा पंप लावलाय."

शेजारच्या खोलीत नमुने तपासणारी डॉ. वैदेही खरमाटे अनवाणीच पळत सुटली. तिने पंपाचा खटका खाली ओढला आणि मगच श्वास घेतला.

"भाऊ, हवा म्हणजे त्यांना विष!"

"कुणाला?"

"माझ्या जिवाणूंना! ते लालच असतात. पाच महिने मी हा रंग दिसायची वाट बघतेय!"

मुतातला अमोनिया जमिनीत मुरून त्याचं नायट्रेट व्हायचं आणि ते खालच्या विहिरीत उतरायचं. त्या पाण्याने अक्कांच्या भाचीचं तान्हं बाळ निळं पडलं होतं, कसंबसं वाचलं होतं. तेव्हापासून विहीर बंद होती. वैदेहीने घडवलेले जिवाणू अमोनिया आणि नायट्रेट दोन्ही खात आणि त्यांचा साधा नायट्रोजन वायू करून सोडत. आपल्या श्वासातल्या हवेत असतो, तोच.

पण आता टाकीतून निघणारा वायू मोजणाऱ्या मापकाचा काटा शून्यावर होता. पंप किती वेळ चालला होता? "वीस मिनिटं," रघुनाथ खालमानेने म्हणाले.

तिघंही टाकीच्या काचेसमोर बसून राहिले. चहा आला, तसाच निवला. दुपारी बाराच्या सुमारास तळातून एक बुडबुडा सुटला. मग दुसरा. मग सगळी टाकीच खदखदू लागली आणि काटा सरसर वर चढला.

"जगले!" वैदेही ओरडली. रघुनाथांनी तर टाकीलाच हात जोडले.

दोन महिन्यांनी विहिरीचं पाणी तपासलं, तेव्हा नायट्रेट नावालाही उरलं नव्हतं. हिशेबाप्रमाणे त्याला निदान तीन वर्षं लागायला हवी होती. वैदेहीने विहिरीतला गाळ वर काढला. त्यात खसखशीएवढे लाल दाणे होते.

"अक्का, ते टाकीतून पाण्याबरोबर इथवर आलेत! विहीर त्यांनी आतूनच साफ केलीय!"

अक्का ओंजळभर पाणी प्यायल्या. पाच वर्षांनी ती चव जिभेवर आली, तसे त्यांचे डोळे भरले. मग त्यांची नजर विहिरीपलीकडच्या भाताच्या खाचरांकडे गेली.

"वैदेही, भाताला आपण खत घालतो, त्यातही हाच अमोनिया असतो ना? मग हे दाणे तिथवर गेले, तर तोही खाऊन टाकतील?"

"हो, पण शेतात हवा असते. तिथे ते टिकायचे नाहीत."

"अगं, खाचरात गुडघाभर पाणी असतं. त्याखालच्या चिखलात कुठली आलीय हवा?"