मनावर घेऊ नका

गंगापूर रोडवरच्या त्या संस्थेच्या फाटकातच धडक झाली. चैताली गाडीतून उतरली. दाराला हा एवढा लांब ओरखडा! स्कूटरवाला हेल्मेट काढत ओशाळून म्हणाला, "सॉरी हं... मनावर घेऊ नका."

"मनावर कुठे? दारावर घेतलंय!"

तो बघतच राहिला... मग खळखळून हसला. "वा! हे माझ्या कामाचं आहे."

थोड्या वेळानं तिला कळलं, हा धम्मपाल, संस्थेतला भाषेचा अभ्यासक. आणि त्याला कळलं, ही संस्थेची नवी संचालक!

माणसाचं मन समजून घ्यायला इथे मेंदूचे डॉक्टर, मानसशास्त्राचे लोक, संगणकवाले एकत्र आले होते. त्यांना एका टेबलाशी बसवताना चैतालीच्या नाकी नऊ यायचे. धम्मपाल मात्र दिंडोरीच्या द्राक्षबागांत हिंडायचा. 'मन लागत नाय', 'मन खातंय'... बायका आतलं दुखणं कसं सांगतात, ते ऐकत. परतला की तिच्या टेबलावर एक घड.

"लाच का?"

"छे! आंबट आहेत, मॅडम. चाखून बघा —"

दर वेळी गोड निघायची.

आज समितीच्या बैठकीत त्याचंच काम चालू ठेवायचं की बंद करायचं, ते ठरणार होतं. दोन हात वर गेले, दोन खालीच राहिले. बरोबरी झाली तर काम बंद, असा नियम. मेंदूच्या डॉक्टर इंदिराताई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "मॅडम, तुमचं मत?"

हात नुसता वर करायचा... काचेपलीकडे तो उभा होता, हेल्मेट छातीशी धरून.

"माझं मत धरू नका," चैताली उठली. "धम्मपालांच्या बाबतीत मी तटस्थ नाही."

ती बाहेर आली.

"काम बंद झालं. माझ्यामुळे."

त्याचा चेहरा उतरला. "मत... दिलं नाहीत?"

"कसं देणार? पहिल्याच दिवशी म्हणाला होतास, मनावर घेऊ नका." तिनं मान वर केली. "मी घेतलं, रे."

त्यानं मान खाली घालून हेल्मेटचा पट्टा आवळला. तिला वाटलं, संपलं सगळं.

"दिंडोरीला मी जाणारच," तो हळूच म्हणाला. "बायका थोड्याच बोलायच्या थांबणार आहेत? फक्त... स्कूटर नको वाटते आता. तुझ्या गाडीत जागा आहे?"

"आहे. पण दाराला ओरखडा आहे."

"अजून?"

"रंग द्यायला मन झालं नाही."