बोएदोतला शेवटचा फेरा

“पिझ्झ्यावर हे काय ठेवलंयस?”

तोंडात घास असतानाच मी वळले. ब्यूनस आयर्सच्या बोएदो वस्तीतल्या त्या पिझ्झ्याच्या दुकानात सगळे उभ्यानेच खातात, कोपराला कोपर लागतो, पण म्हणून कुणी दुसऱ्याच्या ताटात डोकावत नाही. हा मात्र खुशाल डोकावत होता. कुरळे केस, रिमझिम पावसात भिजलेले खांदे, आणि चेहऱ्यावर जराही लाज नाही.

“हरभऱ्याच्या पिठाची पोळी,” मी म्हणाले. “आणि ती माझी आहे.”

“मागितली कुठे? नुसती चौकशी केली.” तो हसला. “मी विल्मेर. कोलंबियाहून आलोय, काली शहरातून.”

“मी रोमिना. इथलीच. फिरायला आलायस?”

“तीन रात्री झाल्या. सगळे सांगत होते, ब्यूनस आयर्स रात्री जागं होतं. मी जागतोय, पण ते काही भेटेना. आणि उद्या सकाळी विमान.”

“टँगो येतो?” मी उगाचच विचारून गेले.

“वर्षभर शिकलोय... चोरून. आमच्या सालसा नाचणाऱ्या गावात कळलं तर मित्र जगू देणार नाहीत.”

तिथेच माझं मन थोडं घसरलं. दर गुरुवारी मी आमच्या क्लबाच्या हॉलमध्ये नाचायला जाते. आज गुरुवारच होता; त्यालाही घेऊन निघाले.

“आत माझ्याजवळ बसायचं नाही,” वाटेत मी बजावलं. “पुरुष एका भिंतीला, बायका समोरच्या भिंतीला. माझ्या टेबलाशी बसलास तर लोक आपल्याला जोडपं समजतील, आणि मग मला कुणी विचारणार नाही.”

“त्यात वाईट काय?”

“गप्प! नाचायचं असेल तर तिथूनच माझ्याकडे बघायचं. मीही बघत राहिले तर मान हलवायची; मी उलट हलवली की उठून यायचं. मी नजर वळवली, तर नकार. मुकाट्याने बसून राहायचं.”

“बाप रे. भांडणंसुद्धा डोळ्यांनीच करता का?”

मी हसले, पण एक गोष्ट त्याला सांगितली नाही. फाबियानची.

आमच्याकडे चार-चार गाण्यांचे फेरे असतात. शेवटचा फेरा ज्याच्याबरोबर नाचलात, त्याच्याबरोबर घरी निघालात, असं लोक धरूनच चालतात. दोन वर्षं माझा शेवटचा फेरा फाबियानचा होता. त्याने मला कधी काही विचारलं नाही, मीही कधी हो म्हटलं नाही. तरी त्याच्या बहिणीने येत्या रविवारी सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं, आणि तिथे तो मला मागणी घालायला अंगठी काढणार हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. मला ते कालच, दुसऱ्याच कुणाकडून कळलं. आज पुन्हा त्याच्याबरोबर शेवटचा फेरा नाचले असते, तर रविवारी चारचौघांत नाही म्हणायला मला तोंड उरलं नसतं.

हॉलमध्ये विल्मेर समोरच्या भिंतीशी बसला. गाणं सुरू झालं. त्याने पाहिलं, मी पाहिलं. त्याने मान हलवली...

आणि माझ्या पुढच्या खुर्चीतल्या दोन्या नेलीने मान डोलावली! आम्ही सगळे मानाने ‘दोन्या’ म्हणतो अशी ही पंचाहत्तरी गाठलेली बाई, ओठांना लालभडक रंग लावून ऐटीत उभी राहिली. नजर तिच्या डोक्यावरून माझ्याकडे येत होती, हे त्या बिचारीला काय माहीत?

आमचा एखादा तरुण असता तर छताकडे बघत सटकला असता. विल्मेर क्षणभर थबकला. मग सरळ दोन्या नेलीपाशी आला आणि तिच्यासाठीच आल्यासारखा अदबीने वाकला. चारही गाणी तो तिच्याबरोबर नाचला. ती डोळे मिटून हसत होती. एकदाही त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं नाही. मी जळत होते, आणि त्याच वेळी मला तो भयंकर आवडायला लागला होता.

नंतर काही जुळेना. त्याने पाहिलं की मध्ये कुणी उभं राहायचं; वाट मोकळी झाली की मला दुसऱ्याच कुणी नाचायला नेलेलं असायचं. आणि मग घोषणा झाली, “शेवटचा फेरा!”

मी विल्मेरला शोधलं. मध्ये पुन्हा दोन्या नेलीचा उंच अंबाडा!

“पोरी,” मागे न वळताच ती पुटपुटली, “मी बुटाचा पट्टा आवळायला वाकतेय. माझी कंबर दुखायच्या आत उरक.”

ती वाकली. विल्मेर माझ्याकडेच बघत होता. त्याने मान हलवली, मीही हलवली. तो उठला.

पण फाबियान त्याच्या आधी पोचला. त्याला बघायची गरजच वाटायची नाही. तो नेहमी नुसता यायचा. माझ्या टेबलाशी उभा राहून त्याने हात पुढे केला.

“चल, रोमी.”

त्याच्या मागे विल्मेर येऊन थांबला. आसपासचे लोक माना वळवून बघू लागले. फाबियान वाईट माणूस नव्हता, म्हणूनच हे बोलणं मला जड जात होतं.

“फाबियान, मी तुझ्याकडे पाहिलं नव्हतं.”

“आज नाही पाहिलंस म्हणून काय झालं?”

“आज नाही, आणि रविवारीही नाही. माफ कर मला.”

त्याचा चेहरा पडला. आधी माझ्याकडे, मग विल्मेरकडे पाहून तो बाजूला झाला आणि कोट घेऊन निघून गेला. मला वाईट वाटलं, पण सुटल्यासारखंही वाटलं.

पहिलं गाणं आम्ही नाचलो. ते संपलं तेव्हा त्याने माझा हात सोडला नाही.

“हात किती गार पडलाय तुझा.”

“भीती वाटतेय.”

“त्याची?”

“तुझ्या विमानाची.” आता मागे कशाला घ्यायचं? “मला तू आवडतोस, विल्मेर. हे वेडेपणाचं आहे, कळतंय मला. पण तू गेलास तर मी रडणार आहे, आधीच सांगून ठेवते.”

दुसरं गाणं सुरू झालं, जोडपी सरकू लागली, आणि आम्ही मधोमध खांबासारखे उभे!

“अरे चला की, पोरांनो! वाट अडवलीत!” मागून कुणीतरी ओरडलं.

“पुढच्या गुरुवारीही हे लोक असेच ओरडतील का?” विल्मेरने हळूच विचारलं.

“दर गुरुवारी ओरडतात.”

“मग उद्या नाही जात,” तो म्हणाला आणि त्याने मला जवळ घेतलं. मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि रडू यायचं ते आलंच.